समकक्ष

सोहारहून मस्कत सव्वादोनशे किलोमीटर.
पहाटे साडेचारला निघालो. ऋजुता मागच्या सीटवर,
मांडीवर निळी फाईल, तिच्यावर तळवा,
बाळाच्या टाळूवर ठेवतात तसा.

तिच्या बॅचपासून अभ्यासक्रम बदलला.
पालकसभेत पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं होतं:
आता विषय नाहीत, आता क्षेत्रं.
केमिस्ट्रीचं नाव झालं ‘पदार्थ आणि परिवर्तन’.
आम्ही टाळ्या वाजवल्या. सामोसे गरम होते.

विद्यापीठाच्या अर्जात खाली उघडणारी यादी आहे.
तीत केमिस्ट्री आहे, बायॉलॉजी आहे,
गृहशास्त्रसुद्धा आहे.
पदार्थ नाही. परिवर्तन तर नाहीच.
‘अन्य’ निवडलं की चौकट लाल होते
आणि म्हणते, पात्रता तपासा.

चार रात्री ती यादी मी वरखाली केली,
तांदूळ निवडावेत तशी.
बायको म्हणाली, अहो, नसलेलं कसं सापडेल?

मी पाण्याच्या प्लांटवर. एकोणीस वर्षं
समुद्र आत घेतो, मीठ मागे ठेवतो,
गोडं पाणी शहराला सोडतो.
दर दोन तासांनी नमुना, दर नमुन्याला आकडा,
आकड्याखाली माझी सही.
पाण्याला कोणी विचारत नाही,
तू आधी कुठल्या बोर्डाचं होतंस.

शाळेला फोन केला. सुट्टी लागलेली.
प्रिन्सिपल कोट्टयमला, शिक्का कपाटात,
कपाटाची किल्ली कोट्टयमला.
लॅबमधला सुकुमारन तेवढा होता, बाटल्या पुसत.
त्याने प्रॅक्टिकलची वही शोधून दिली,
कडा ॲसिडने खाल्लेल्या, मध्ये तपकिरी डाग.
म्हणाला, हिच्यात सगळं आहे सर,
फक्त नाव नाही.

खिडकी क्रमांक सात. आत झुवैना नावाची बाई.
तिने परिपत्रक पाहिलं, ते गेल्या वर्षीचं.
गुणपत्रिका पाहिली, ती या वर्षीची.
दोघांच्या मध्ये माझी मुलगी उभी,
कोपराने ओढणी सावरत.

मी बोलायला लागलो. माझं अरबी प्लांटवरचं:
झडप, दाब, गळती, उद्या.
त्यात हे प्रकरण बसेना.

ऋजुताने वही पुढे सरकवली.
झुवैना पानं उलटत गेली, सावकाश,
मग एका पानावर बोट ठेवून थांबली.
“शेवटचा थेंब पडला तेव्हा रंग कुठला आला?”
“गुलाबी. अगदी फिका.
गडद झाला तर चुकलं, परत करावं लागतं.”
“किती वेळा केलंस परत?”
“अकरा.”
बाई हसली. तिचे तेरा झाले होते म्हणे,
निझवाच्या शाळेत, पंखा बंद पडलेल्या खोलीत.

मग तिने फाईल डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवली.
उजवीकडचा होकाराचा, एवढं एव्हाना कळलं होतं.
डावीकडचा कशाचा, ते मी विचारलं नाही.
समितीला दाखवते, म्हणाली. इन्शाल्ला, रविवारी.
ऋजुताने वही परत मागितली.
ती म्हणाली, राहू दे, वहीच दाखवायची आहे.

परतताना बर्क्याजवळ पेट्रोल भरलं.
मशिदीबाहेरच्या कुलरवर ऋजुताने बाटली धरली,
उभ्या उभ्या अर्धी संपवली.
“बाबा, हे तुमच्या प्लांटचं?”
नाही गं, हे इथलं. वेगळा प्लांट, वेगळी पद्धत.
“चव तर तीच आहे.”

मी एक घोट घेतला, जिभेवर धरला,
सवयीने.
फरक होता थोडा.
पण तो सांगायचा तो दिवस नव्हता.
तीच आहे, म्हणालो,
आणि गाडी रस्त्याला लावली.